इंजिन सुरू, नळ कोरडा

"भोसरीत माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा निसटत नाही," ज्योतीराम स्वतःविषयी सांगत, "आणि निसटलीच, तर ती मीच सोडलेली असते." अख्खी नोकरी त्यांनी कंपनीच्या गेटवर कामगारांचे डबे तपासण्यात काढली होती. डब्यांत भाजीखेरीज कधी काही सापडलं नाही, याचं श्रेय ते आपल्या दराऱ्याला देत. निवृत्तीनंतर गुप्तहेर होणं ओघानंच आलं.

त्यांचा पहिला अशील शेजारचा वजीर मिस्त्री, तोही बिचारा नाइलाजानं. तळेगावच्या सोपानरावांनी कोकणातून बोटीचं जुनं इंजिन आणून त्याच्या वर्कशॉपात टाकलं होतं. समुद्राच्या पाण्यानं ते आतून मिठानं भरलेलं. जमिनीवरच चालवून, नळाचं गोडं पाणी आतून खेळवत ते धुवायचं होतं. जमलं तर धरणावर चालणाऱ्या त्यांच्या सगळ्या बोटींचं काम वजीरला मिळणार होतं. नाही जमलं तर सोपानराव इंजिन उचलून मुंबईला नेणार होते.

वजीरनं इंजिन लाकडी घोड्यावर टांगलं, पाणी आत शिरायच्या जाळीवर रबरी कप दाबून बसवले, कपांना नळी जोडली. नळाला पाणी आलं की तो दोरी ओढे. इंजिन गल्ली दणाणून सोडी, मागून झकास धार पडे, आणि बघता बघता नळच कोरडा! पाण्यावाचून इंजिन जळायचं, म्हणून वजीर घाईनं ते बंद करी. पाणी आलं की दर खेपेला हेच.

ज्योतीरामांनी वाचायचा चष्मा भिंगासारखा नळावर धरला.

"हे पाणी सोडणाऱ्याचं काम. वजीरभाई, तुमचा कुणी वैरी?"

"माझं लग्न जमवणारे मामू सोडले तर कुणी नाही."

"मग इंजिनच पाणी पिऊन बसतंय."

वजीरनं इंजिन उघडून दाखवलं. आत थेंब नव्हता.

"आलं लक्षात! ते कोकणातलं. भोसरीचं पाणी त्याला मानवत नाही. पाण्यात मूठभर मीठ टाका."

"भाऊ, मीठ काढायलाच तर बसलोय ना मी!"

आज सोपानराव स्वतः समोर उभे होते. पाणी आलं, वजीरनं दोरी ओढली, धार पडली आणि आटली. त्यानं घाईनं इंजिन बंद केलं.

"राहू द्या," सोपानराव म्हणाले. "गाडीत चढवा."

वजीरचा चेहरा पडला. तेवढ्यात ज्योतीरामांच्या पत्नी सुभद्राबाई पदराला हात पुसत आल्या.

"वजीरभाऊ, लई उपकार झाले बघा. पाणी येण्याचा काय नेम न्हाई. आता तुमचं इंजिन वाजलं की अख्खी गल्ली नळाला मोटर लावती. भरून घेतलं आमी पिंप."



"आपल्याकडे पाणी ओढायची मोटर आहे?" ज्योतीरामांनी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या. तिच्यावर पाय ठेवूनच तर पेपर वाचता."

वजीरनं हात जोडले. "भाभी, आज माझी रोजीरोटी वाचवा. सगळ्यांना मोटरी बंद करायला सांगा."

सुभद्राबाईंनी गल्लीत अशी हाक मारली की घराघरांतल्या मोटरी गप झाल्या. नळ धो धो वाहू लागला. इंजिन चाललं, चालत राहिलं. वजीरनं धारेखाली बोट धरून चाटलं. गोडं लागलं, तेव्हा कुठे त्याला हसू फुटलं. सोपानरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बाकीची इंजिनंही पाठवतो."

"इंजिन आता तुमच्या टाक्या भरल्यावरच लावीन," वजीरनं गल्लीला शब्द दिला.

"आन् पाणी आलेलं आमाला कळायचं कसं?" माडीवरून शालनबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी ज्योतीरामांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळासमोर स्टुलावर बसलेले दिसले. कुणी विचारलं, तर ओठांवर बोट ठेवून हळूच सांगत, "गप्प! संशयित कुठल्याही क्षणी येईल."