तुळजाबाई कासारणीच्या पंख्याची हकीकत

श्रीछप्परवासिनी प्रसन्न. जिच्या कृपेने डोईवर पत्रा टिकतो आणि जिची अवकृपा होताच बोचके रस्त्यावर येते, त्या देवतेचे स्मरण करून हे लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्याचे धनी फार कनवाळू जाहले आणि त्यांणी दवंडी पिटविली की, रयतेत जे गरीब असतील त्यांचे निम्मे घरभाडे सरकार देईल आणि घरपट्टी समूळ माफ करील, आणि दवंडीबरोबर धन्यांची हसती तसबीर चौकाचौकांत लागली. तसबिरी कोणाच्या खर्चाने लागल्या हे आम्ही पुसले नाही. पुसणारांचे काय होते ते ठाऊक आहे.

त्या राज्यात कासारआळीस तुळजाबाई कासारीण म्हणून विधवा बाई, वय साठीचे पुढे, एका खोलीत तीस वर्षे भाड्याने राहत होती. नवरा त्याच खोलीत निवर्तला, त्याच्या हातचा देव्हारा त्याच भिंतीस होता आणि त्या चार भिंतींखेरीज बाईस जगात दुसरा आसरा नव्हता. धंदा बांगड्या भरण्याचा, परंतु अलीकडे बाया दुकानातून बांगड्यांची तयार डबी आणितात आणि कासारणीस दारावरून वाटेस लावितात, मग भाडे थकले, आणि घरपट्टीही घरमालक बापूशेट बाईच्याच माथी मारीत. बापूशेटांनी बजाविले की सरकारचे साह्य आले तर खुशाल राहावे, न आले तर ज्येष्ठी अमावास्येस खोली मोकळी करावी. मग बाईने अर्ज केला आणि जबाब आला की, कारकून सदाशिवपंत जातीने घर पाहावयास येतील.

आता कासारांची रीत ऐसी की, माणूस कोणीही असो, त्यास पाटावर बसवून गूळपाणी दिल्यावाचून त्याचा हात हाती धरावयाचा नाही. तुळजाबाईने जन्मभर हेच केले. तिच्या मनी आले की, साक्षात सरकार दारी येते आणि आपल्या घरी त्यास वारा घालावयास एक पुठ्ठा आहे, आणि बाईस फार लाज वाटली. मग शेजारीण गिरिजाबाई, वीस वर्षांचा घरोबा, तिजकडील टेबलपंखा आणि खुर्ची मागून आणिली, आणि वाटीभर साजूक तूपही मागून शिरा केला. गिरिजाबाईने पंखा स्वहस्ते पुसून दिला. गरिबी दाखवावयाची होती त्या दिवशी बाईने ती झाकून ठेविली! तिला वेडी म्हणावे तर आमचीच जीभ वळत नाही, कारण आमची आई असती तर तिणेही हेच केले असते.

पंत आले, पंख्यापुढे खुर्चीवर विराजमान जाहले आणि शिरा दोन वेळा मागून घेतला. आणि मग तृप्त होऊन हातातील यंत्राने पंख्याची, खुर्चीची आणि तुपाच्या वाटीची छबी उतरून घेतली आणि गेले. पंधरवड्याने कागद आला: गृही पंखा, खुर्ची, साजूक तूप. कुटुंब सुखवस्तू. सबब अर्ज नामंजूर.

 बाई कचेरीत धावली आणि म्हणो लागली की चीजवस्त शेजारची आहे. पंत म्हणाले, ज्याची असेल त्याणे हजर होऊन सांगावे. मग बाईने गिरिजाबाईस हाताला धरून आणिले. परंतु गिरिजाबाईचाही अर्ज पंतांच्या कागदांच्या त्याच रुमालात बांधला होता, मुलाचे काम सुटलेले आणि घरात तान्हे नातवंड. पंतांनी रुमाल सोडिला आणि मऊ आवाजात पुसिले,

"पंखा तुमचा का? मग तुमच्याही अर्जावर तसं लिहावं लागेल."

गिरिजाबाई जमिनीकडे पाहत राहिली.  तुळजाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिले, मग तिचा धरलेला हात सोडिला आणि म्हणाली,

"पंखा माझाच हाय, साहेब. वय झालं, इसरायला हुतं."

पंतांनी ते लिहून घेतले आणि खाली अंगठा घेतला.

मग पंखा परत करावा तर गिरिजाबाईस तो घरात घेता येईना, कारण पंत तिचे घर पाहावयास कोणत्या दिवशी येतील याचा नेम नव्हता. नातवंड उकाड्याने रात्रंदिवस रडे आणि भिंतीपलीकडे त्याचाच पंखा मुका उभा. ऐसे होता होता अमावास्या आली, बापूशेटांनी कुलूप घातले, आणि तुळजाबाई डोईवर बांगड्यांची पाटी, बगलेत देव्हारा आणि हाती पंखा घेऊन निघाली. गिरिजाबाई कोपऱ्यापर्यंत आली आणि पाय धरून रडली. बाईने पाटीतून पुठ्ठा काढून तिच्या हाती दिला.

"हे घे. लेकराला वारा घाल. माझ्याकडं आता पंखा हाय."

हे ती हसून बोलली की रडून, हे गिरिजाबाईस आजतागायत सांगता येत नाही.

पुढे चौकात धन्यांची तसबीर फार मोठी, तिची सावली पडते, तेथे बाईने पथारी घातली. उशाशी पंखा. त्यास वीज कोठून असावी? रस्त्यावरील बेघरांची नोंद करावयास दुसरे कारकून आले, त्यांणीही पंखा पाहिला आणि नाव न लिहिता पुढे गेले.

येणेप्रमाणे जाहले. गिरिजाबाईचा अर्ज अद्याप रुमालात आहे. वर्षअखेरीस दरबारात ताळेबंद वाचिला, त्यात लिहिले होते की, कासारआळीत एक घर गरिबीतून वर आले. धन्यांस संतोष जाहला.