उपभोग खर्चाचा खुलासा

"शेंबड्या पोरालाही कळेल असं लिहितो, साहेब! बघाच तुम्ही!" टक्केरावांनी संचालकांना छातीठोकपणे सांगितलं.

टक्केराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सांख्यिकी कार्यालयात एकवीस वर्षं टक्केवाऱ्या काढता काढता ते अंगाला चिकटलं होतं. देशाच्या एकूण उत्पन्नात सरकारच्या उपभोग खर्चाचा वाटा किती, याचं पत्रक ते दरवर्षी काढायचे आणि दरवर्षी ते कुणीही वाचायचं नाही. यंदा संचालकांनी फर्मावलं, "सोपं करा. आणि एका पानात बसवा!"

टक्केराव कात्री घेऊन बसले. व्याख्या उडाली. तळटीपा उडाल्या. शेवटी एकच सुटसुटीत वाक्य उरलं: 'देशाच्या उत्पन्नातील अठरा टक्के वाटा सरकार उपभोगावर खर्च करते.' ते स्वतःवरच खूश झाले!

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर ठळक मथळा: 'सरकारचा अठरा टक्के उपभोग!' शेजारी व्यंगचित्र. एक गलेलठ्ठ अधिकारी टबात डुंबत द्राक्षं खातोय!

"अरे, हा तुझ्यासारखाच दिसतो की!" आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिच्या पायाची जखम महिनाभर चिघळत होती, त्यामुळे पेपर वाचायला तिला वेळच वेळ होता.

"आई, उपभोग म्हणजे तसला नाही! मास्तरांचे पगार, दवाखान्यातली औषधं, हिचा पगार, हे सगळं त्यात येतं!"

"माझा?" बायकोनं डबा भरता भरता मान वर केली. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. चौदा वर्षं, तीही करारावर. "एका वॉर्डात चाळीस खाटा आणि आम्ही चौघी! चहा प्यायला मिळत नाही, अन् म्हणे उपभोग!"

खाली इस्त्रीवाल्यानं हाक मारली, "काय साहेब, उपभोग चाललाय ना जोरात?" न्हाव्यानं मानेवर वस्तरा ठेवून विचारलं, "तुमच्या वाट्याला किती टक्के येतो हो?" संध्याकाळपर्यंत कार्यालयासमोर मोर्चा. घोषणा एकच: 'उपभोग बंद करा!'

तिसऱ्या दिवशी मंत्र्यांचं बोलावणं आलं. टक्केरावांना उलट उमेद वाटली. आता नीट समजावून सांगू आणि विषय मिटवून टाकू! रात्रभर जागून त्यांनी खुलासा लिहिला. कापलेल्या सगळ्या तळटीपा परत जोडल्या, वर एक तक्ताही काढला.

मंत्र्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हे सगळं म्हणजे उपभोग?"

"होय साहेब! शिक्षक, परिचारिका, औषधं, खडू, बँडेज. चैन अशी काही नाहीच त्यात!" टक्केराव उत्साहानं म्हणाले.

"आणि आमच्या गाड्या?"

"त्या नाहीत, साहेब. गाड्या वर्षानुवर्षं टिकतात, त्या भांडवली खर्चात जातात."

"आणि या दालनाचं नवं फर्निचर?"

"तेही भांडवलीच."

मंत्री खुर्चीत रेलले. इतका निवांत माणूस टक्केरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता! "छान! म्हणजे गाड्यांना हात लावायची गरजच नाही. नेमकं काय कापायचं तेच कळत नव्हतं आम्हाला. तुम्ही तर यादीच आणलीत!"

"साहेब, तसं नाही... ही यादी त्यासाठी..."

"किती सोपं लिहिता हो तुम्ही!" मंत्र्यांनी चक्क त्यांचा हात हातात घेतला.

पंधरा दिवसांत कपात जाहीर झाली. आदेशाला टक्केरावांचा तक्ता जसाच्या तसा जोडला होता, खाली त्यांची सही. बायकोनं तो वॉर्डाच्या फलकावर वाचला. तिच्यासह तिघींचे करार संपवले होते.

घरी येऊन ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "अक्षर तुमचंच ना?"

"अगं, मी तुम्हाला वाचवायला..."

"तक्ता छान काढलाय," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

महिन्याभरात तिला एका खासगी इस्पितळात काम मिळालं. पगार कमी, बूटही स्वतःच्या पैशानं घ्यायचे. इकडे आईचा पाय सुजून भोपळा झाला. टक्केराव तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. चाळीस खाटांना एकच परिचारिका! सकाळी नऊचा नंबर दुपारी तीनलाही लागला नाही. आईला ताप भरला. शेवटी रिक्षा करून त्यांनी तिला बायकोच्या इस्पितळात नेलं.

ड्रेसिंग बायकोनंच केलं. तेच औषध, तेच बँडेज, तोच हलका हात. आईचा तिथल्या तिथे डोळा लागला. टक्केरावांच्या हातात बिल पडलं. 'परिचारिका सेवा' या ओळीपुढचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. बायकोच्या आठ दिवसांच्या पगाराएवढा तो आकडा होता!

"अगं, हे काय? बारा मिनिटांचे एवढे?"

"हळू बोला!" बायको ट्रे आवरत, मान खाली घालून पुटपुटली. "दारातून सुपरवायझर बघतोय. नातेवाइकांशी बोललं की इथे दंड होतो."

तिनं ट्रे उचलला आणि दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "काका, बाजूला व्हा. पुढच्या पेशंटला येऊ द्या."