अडकलेल्या सरांचा तास

सकाळी अकरा वाजता लिफ्टचे सर दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. ठरल्याप्रमाणे.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या ठरवण्यानेच घातला.

धंदेशिक्षणाच्या कॉलेजात लिफ्टदुरुस्ती शिकवणारे हे सर नऊ वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आले होते: तोंड फळ्याकडे, पाठ मुलांकडे. अर्धी मुलं झोपलेली, उरलेली झोपेच्या वाटेवर. घंटा झाली की सरांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत वर्ग रिकामा. तासाचं शेवटचं वाक्य त्यांनी आजवर फक्त बाकांना ऐकवलं होतं.

यंदा मुख्य कार्यालयातून निरीक्षक बाई येणार होत्या. मुलं वर्गात किती रस घेतात ते बघून सरांना ठेवायचं की नारळ द्यायचा, हे त्या ठरवणार होत्या.

"खेळ घ्या मुलांचा," सरांची बायको म्हणाली. ती बालवाडी चालवायची. "माझी पिल्लं खेळात रमली की त्यांना घंटासुद्धा ऐकू येत नाही."

"माझ्या पिल्लांना मिशा आहेत."

"मग खेळ मोठा काढा."

सरांनी मोठाच काढला. सरावाच्या लिफ्टमध्ये घाबरलेला प्रवासी म्हणून स्वतः बसायचं आणि मुलांनी सुटका करायची. दोन संध्याकाळी त्यांनी घरी कपड्यांच्या कपाटात बसून ओरडण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "उद्या माझ्या तासाला कोणी जांभई दिली, तर खडू हातात धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक बाई मागे खुर्चीत येऊन बसल्या आणि मुलांना नियम समजावून झाले. आतला माणूस घाबरलेला असेल तर दार उघडायचं नाही. तो घाईत उडी मारतो आणि खालच्या खड्ड्यात जातो. आधी बोलून शांत करायचं. शिवाय सर आतून काहीही म्हणाले तरी ते नाटक समजायचं.

"'खरंच अडकलोय' म्हणालात तरी?" शिडीने विचारलं. शिडी म्हणजे मागच्या बाकावरचा सर्वांत उंच आणि सर्वांत झोपाळू मुलगा.

"तरी."

"आईशप्पथ म्हणालात तरी?"

"तरीही."

सर आत गेले, लिफ्ट निघाली, वर्गप्रमुख मुलीने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. लिफ्ट थांबली. त्याच वेळी पॅनेलमधून 'चट्' असा आवाज आला. तो नाटकात नव्हता. सरांच्या कानाने ओळखलं, आत काहीतरी जळलं. आता स्विच शंभरदा वर केला तरी लिफ्ट हलणार नाही. उपाय एकच, बाहेरून तिकोनी किल्लीने दार उघडणं. सरांनी सवयीने खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती. कॉलेजातली ती एकुलती एक आणि मशीनरूमची किल्लीही त्याच जुडग्यात.

"ऐका," सर म्हणाले, "लिफ्ट खरंच बिघडली आहे. आणि किल्ल्या माझ्याकडे राहिल्या आहेत."

बाहेर टाळ्या पडल्या.

"काय डोकं आहे सरांचं," शिडी म्हणाला. "अडचणीत अडचण."

वर्गप्रमुख मुलगी फटीजवळ वाकली आणि शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "काका, घाबरू नका. तुमचं नाव काय?"

"अगं, मी तुमचा सर आहे."

"बरं. घरी कोण कोण असतं?"

"झोपलेला विद्यार्थी परवडला, पण तू नको," सर ओरडले.

"चिडलेत," शिडीने नोंदवलं. "अजून शांत नाहीत. दार उघडायचं नाही."

सरांनी श्वास घेतला आणि आवाज खाली आणला. "मी शांत आहे. ऑफिसात जा आणि कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा."

"एकदम शांत झालेल्या माणसावर जास्त लक्ष ठेवायचं. मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत."

"ते तू ऐकलंस? तू तर झोपला होतास."

"अर्धवट, सर."

निरीक्षक बाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती. सरांनी शेवटी त्यांनाच हाक मारली. "बाई, तुम्ही तरी ऐका. हे खरं आहे."

"सर, माझ्यासाठी भूमिका सोडू नका," बाई म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला सरांचा फोन वाजला; बायकोचा होता. वर्गप्रमुख मुलीने स्पीकर लावला. "काकू, सर लिफ्टमध्ये ओरडताहेत."

"ओरडू देत गं. दोन संध्याकाळी घरात तेच चाललं होतं. कपाटात जास्त चांगलं ओरडत होते."

सरांनी मग शब्दांचा नाद सोडला. टाचा उंचावून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वरच्या फटीतून बाहेर सरकवला. शिडीने बोटं पुढे केली. जुडगा दोघांच्या बोटांमधून निसटला आणि बऱ्याच वेळाने खालच्या खड्ड्यातून 'टण्' असं ऐकू आलं.

"किल्लीसुद्धा पणाला लावली," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी इतर शिक्षकांना बघायला बोलावून घेतलं आणि फटीशी वाकून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षीचं तुमचं पक्कं समजा. अशी तयारी, असं नियोजन मी कुठे पाहिलं नाही."

आत सर विचारात पडले होते. हे नाटक असेल, तर नोकरी राहते. हे खरं असेल, तर लिफ्टचा शिक्षक स्वतःच्या लिफ्टमध्ये, स्वतःच्या खिशात किल्ली घेऊन अडकतो आणि ती किल्ली स्वतःच्या हाताने खड्ड्यात घालवतो. अशा शिक्षकाला कोण ठेवील?

"वाचवा," सर म्हणाले. जरा थांबून, सरावाप्रमाणे, "कोणी आहे का?"

घंटा झाली. कोणी उठलं नाही.

"घंटा झाली ना रे?" आतून आवाज आला.

"झाली सर."

"मग जा की."

"थांबतो सर. आत्ता कुठे रंगात आलंय."

हाती आलेल्या शेवटच्या बातमीनुसार, शिवणकामाचा आणि हिशोबाचा वर्गही जिन्यात येऊन बसला आहे. दार कसं उघडावं यावर दोन गट पडले असून चर्चा उत्तम चालली आहे. मध्येच एकदा सर बोलले. नऊ वर्षांत प्रथमच घंटेनंतरचं त्यांचं वाक्य सगळ्यांनी कान देऊन, क्रियापदापर्यंत ऐकलं.

"मला बाथरूमला जायचं आहे," असं ते वाक्य होतं.

मुलांनी ते लिहून घेतलं.