किटलीची दुसरी बाजू

हेडक्लार्क घरातल्या कामाला हात लावत नाहीत, ही बायकोची तक्रार. आणि हात लावला की काय होतं, हीसुद्धा तिचीच. तरी त्या रविवारी ती बाजारात गेली आणि यांना हुक्की आली. संध्याकाळी तिची मावशी यायची होती. मावशीने लग्नात दिलेली चांदीच्या मुलाम्याची किटली काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली. तिला कुणीही हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा. पण ती काळवंडली होती. चकचकीत केली की बायको खूश होईल, असा साधा हिशेब. (हिशेब चुकण्याबद्दल हेडक्लार्कांचा ऑफिसातही लौकिक होता.)

फडक्याने काळेपणा जाईना. मग त्यांनी भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेऊन जोर लावला. काळेपणा गेला. पाठोपाठ वेलबुट्टीवरची चांदीही गेली आणि किटलीच्या पोटावर तळहाताएवढं पिवळंधमक पितळ दिसू लागलं. मावशीसमोर बायकोची मान खाली जाणार, आणि मग आपली काही धडगत नाही.

फिरवून ठेवली की झालं, असं म्हणत त्यांनी किटली फिरवली. तर मागेही पितळच, जुनं आणि मळकट! तरीच ही कुणाला हात लावू देत नव्हती. हिनेच कधीतरी घासली असणार! बढती मिळाली तेव्हाही त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. आता लपवायचं कशाला? आपण घासलेली बाजू समोर करून त्यांनी किटली ऐटीत ठेवून दिली.

बायको परतली ती वाटेत भेटलेल्या मावशीला घेऊनच. मावशींनी चष्मा पुसून कपाटाकडे पाहिलं. बायकोचा चेहरा पडला. ‘‘यांनी घासली वाटतं,’’ ती कशीबशी म्हणाली.

‘‘समोरची मी,’’ हेडक्लार्क छाती काढून म्हणाले. ‘‘मागची कुणी घासली, ते विचारा तुमच्या भाचीला.’’ आणि त्यांनी किटली गर्रकन फिरवली.

मावशी चष्म्याच्या काडीशी चाळा करत राहिल्या.

‘‘मागची मीच घासली होती, जावईबापू,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘म्हणून तर तुम्हाला दिली.’’

बायकोला हे लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. मावशीला ओशाळं वाटू नये म्हणून बिचारीने ती बाजू इतकी वर्षं भिंतीकडे करून ठेवली होती.

किटली अजून कपाटातच आहे. आता कशीही ठेवली तरी पितळ दिसतंच, म्हणून मावशींनी जाताना एक तोड सुचवली. पाहुणे आले की कपाटापुढच्या खुर्चीत हेडक्लार्कांना बसवतात. पाहुणे जाईपर्यंत त्यांनी हलायचं नाही. त्यांचा घेर किटली झाकायला पुरून उरतो.

घरात यांचा काहीतरी उपयोग होतोय, म्हणून बायको हल्ली खूश असते.