एकोणिसावा फर्मा

बायकोने पुस्तक पुढे केलं, तेव्हाच बाइंडरने सरळ 'जमणार नाही' म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की त्यावर चर्चा होते, आणि दिवसभर चाळीस रजिस्टरं शिवून आलेल्या माणसाच्या अंगात चर्चेचं त्राण कुठून उरणार? तो म्हणाला, "ठेव तिथे."

"ठेव तिथे नाही. शुक्रवारपर्यंत हवंय. आमच्या वाचनमंडळात सात जणी आणि प्रत एकच. तीसुद्धा ग्रंथालयाने अशी दिलीय, की उघडली तर पानं मांडीत पडतात."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने कादंबरी शिवून टाकली. जाड दोरा, कापडी पाठ, नवा पुठ्ठा. "पुस्तक फाटेल, पण माझी बांधणी सुटणार नाही," असं तो तीस वर्षं सांगत आला होता. (ऐकणारं कुणी नसलं, तरी सांगत आला होता.)

महिन्याभरात कादंबरी सातही जणींच्या हातून फिरली आणि मंडळ बाइंडरच्याच बाहेरच्या खोलीत भरलं. तो आत पाय पसरून पडला होता. डोळा लागू देतील तर ती माणसं कसली!

"तीस वर्षं त्या घरासाठी राबली, आणि शेवटी काय? 'तिने दाराची कडी काढली आणि'. बस्स! पुढे काहीच नाही!" नर्सबाई नाक पुसत म्हणाल्या.

"काही नाही, यातच सगळं आलं," मंडळाच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, वर्गावर असल्यासारख्या बोलल्या. "लेखिकेने पूर्णविरामसुद्धा दिला नाही. याला म्हणतात हिंमत!"

हल्लीची पुस्तकं अशीच असणार, म्हणून बाइंडरने कूस बदलली. त्याने स्वतः कधी पुस्तक वाचलं नव्हतं. शिंपी काय गिऱ्हाइकाचे कपडे घालून फिरतो?

शनिवारी सकाळी बायको बॅग भरताना दिसली.

"अहो, सोमवारच्या गाडीने मी ताईकडे चाललेय."

"परत कधी?"

"पुस्तकात लिहिलंय का ती परत कधी आली ते?"

"अगं, मला काय माहीत?"

"तेच तर! तुम्हाला काय माहीत असतं?" असं म्हणून तिने चेन ओढली.

सव्वीस वर्षांच्या संसारात ती चार-पाचदा रागावून माहेरी गेली होती, पण तेव्हा बॅगेत दोनच कपडे असत. या वेळी लोकरीचे होते, आणि बाहेर उकाडा होता. पुस्तक काखेत मारून तो कामावर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कादंबरीचं शेवटचं पान वाचलं. पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. सवयीने बोट पाठीवरून फिरलं. फर्मा म्हणजे दुमडलेली सोळा पानं. असे फर्मे भरले अठरा. पहिल्या पानावर मात्र छापलं होतं, 'पृष्ठे तीनशे चार'. म्हणजे फर्मे एकोणीस.

मेलो!

एकोणिसावा फर्मा खळीच्या भांड्याखाली सापडला. त्या सोळा पानांत ती बाई बसथांब्यावर दोन तास बसते, विचार करते आणि घरी परत येते. नवऱ्याने भांडी घासून ठेवलेली असतात. ती हसते. समाप्त.

बाइंडरला रडूच यायचं बाकी राहिलं. आता चूक कबूल करायची तर तीस वर्षांची अब्रू जाणार, आणि गप्प बसायचं तर बायको. त्याने सुस्कारा टाकला आणि सुई ओवली.

रविवारी त्याने मंडळापुढे पुस्तक ठेवलं. "शेवटची सोळा पानं बांधायची राहून गेली होती. माझी चूक. ती परत येते."

मुख्याध्यापिकांनी पानं मोठ्याने वाचली आणि चष्मा काढला.

"हा शेवट लेखिकेचा नाही."

"अहो, तिचाच आहे!"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं जो नवरा पाण्याचा पेला हाताने घेत नाही, तो एका दुपारीत भांडी घासतो?"

"तुम्ही छापखान्यातच असता ना?" बाहेरचं काय खाल्लंत, असं पेशंटला विचारावं तसं नर्सबाईंनी विचारलं.

"मी फक्त शिवतो हो!"

"बायकोने जाऊ नये म्हणून सोळा पानं लिहून, छापून आणली! धन्य आहे!" मुख्याध्यापिकांनी निकाल दिला.

तेवढ्यात बायको उठली. "काहीतरीच काय बोलता! यांनी नाही लिहिलं."

बाइंडरने कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिलं. शेवटी बायकोच ती.

"सव्वीस वर्षांत यांनी मला चार ओळींची चिठ्ठी लिहिली नाही, सोळा पानं कुठून लिहिणार?" ती म्हणाली, आणि मग जरा हळू, "लिहिली असती, तर बॅग भरलीच नसती मी."

बाइंडर निर्दोष सुटला. बायको सोमवारच्या गाडीने गेली.

मंगळवारी त्याने कागद घेतला. सात कागद फाडले. आठव्यावर चार ओळी उतरल्या: 'तू गेलीस आणि घर उगाच मोठं झालं. संध्याकाळी कुलूप मला उघडावं लागतं, ते बरं वाटत नाही. माझं चुकत आलंय, नुसतं फर्म्याचं नाही. साखरेचा डबा सापडत नाही, लगेच कळव.'

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याने ते दारातच उभ्याने फोडलं.

'पत्र मिळालं. ताईलाही वाचून दाखवलं. पहिल्या तीन ओळींना आम्ही दोघी रडलो. शेवट मात्र साफ फसलाय. नवा लिहून पाठवा, मग येण्याचं बघते.'