खात्याच्या गाडीमागून

"बाबांना गाडीतून उतरवायचं, चार पावलं चालवायचं, की कोंबडा समोर. एवढंच," वेंडेल म्हणाला.

कार्ला धाकटीला मांडीवर घेऊन ओटमील भरवत होती. निम्मं ओटमील धाकटीच्या कानात गेलं होतं. "एवढंच," ती म्हणाली. "गेल्या वर्षी पण एवढंच होतं. बाबा संध्याकाळी गुडघ्यांवर बर्फ ठेवून बसले होते, आणि तू त्यांना वाऱ्याची दिशा कशी चुकली ते समजावत होतास."

बाबा म्हणजे कार्लाचे वडील आणि वेंडेलचे सासरे, गेरिट. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं होतं. त्यानंतर नांगरलेल्या रानातून चालणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस येत होता. म्हाताऱ्याला एक कोंबडा, म्हणजे फेझंटचा नर, हवा होता. एकच. ही जबाबदारी वेंडेलने, कुणी न सांगता, अंगावर घेतली होती.

"आणि हे बघ," कार्लाने फोन पुढे केला. वन्यजीव खात्याचा ऑगस्टातल्या मोजणीचा नकाशा आला होता. जिथे पक्षी जास्त तिथे रंग गडद. त्यांचा भाग जवळजवळ पांढरा होता. "गडद तर पलीकडच्या जिल्ह्यात आहे. तासाभराची वाट. तिकडे जा ना."

"नकाशा सगळ्या राज्यासाठी असतो गं," वेंडेल खालच्या आवाजात म्हणाला. "आपल्याकडे गर्दी नको म्हणून फिका दाखवतात. माझ्याकडे आतली माहिती आहे."

"कुठून आली?"

"आतून."

आतली माहिती त्याने अशी मिळवली होती. ऑगस्टात रात्री भरपूर दव पडलं की फेझंटच्या माद्या पिल्लांना घेऊन ओल्या गवतातून खडीच्या रस्त्यावर येतात, अंग वाळवायला. तेव्हा खात्याची माणसं ठरलेल्या रस्त्याने बैलगाडीच्या वेगाने गाडी हाकत पक्षी मोजतात. रस्ता कुठला ते सांगत नाहीत. पण एका पहाटे वेंडेलला खात्याची पांढरी गाडी चौकात दिसली. दिवे बंद करून तो बऱ्याच अंतरावरून तिच्या मागे लागला.

गाडी चालवणारी बाई तरुण होती. एका ठिकाणी तिने गचकन ब्रेक मारला, दार उघडलं, धावत रस्त्याकडेच्या चारीपाशी गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून गवतात वाकली. बराच वेळ. मग रुमालाने तोंड पुसून पुढे निघाली. वेंडेलने दुर्बीण खाली ठेवली आणि जागेची खूण केली. पिल्लं मोजायला जमिनीशी तोंड नेणारा सरकारी नोकर त्याने जन्मात पाहिला नव्हता. ती अशी सात ठिकाणी थांबली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, आठच्या ठोक्याला शिकार खुली झाली तेव्हा वेंडेल, गेरिट आणि गेरिटची लॅब्रेडॉर बर्टा पहिल्या जागेवर हजर होते. चारीतलं गवत साफ कापलेलं होतं. बर्टाने एकदा वास घेतला आणि मालकाकडे पाहिलं.

"इथे ससासुद्धा लपणार नाही," गेरिट म्हणाले.

"आत्ताच कापलंय बाबा. पुढे चला."

दुसऱ्या जागेवर मक्याचं नांगरलेलं काळं रान. तिसऱ्या जागेवर दफनभूमी. दर ठिकाणी गेरिट दाराला धरून उतरत होते, कण्हत होते, आणि दाराला धरून परत चढत होते. चौथी जागा डुकरांच्या लांबलचक गोठ्याला लागून होती. वारा गोठ्याकडून इकडेच येत होता.

"जावईबापू," गेरिट नाकाला हात लावून म्हणाले, "गोठ्याच्या इतक्या जवळ गोळी झाडली तर आपल्याला दंड होईल."

"पण ती इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबली होती!"

"कोण ती?"

वेंडेलला सगळं सांगावं लागलं. गेरिटनी फक्त गुडघा चोळला. ते वेंडेलला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सातव्या जागेपर्यंत दुपार झाली. आणि तिथे, चौकात, खात्याची तीच पांढरी गाडी! नारिंगी जाकीट घातलेली तीच बाई शिकाऱ्यांना थांबवून काय मिळालं ते विचारत होती.

"काही मिळालं?" तिने हसून विचारलं.

"काय मिळणार?" वेंडेलचा बांध फुटला. "ऑगस्टात तुम्ही या रस्त्यावर सात वेळा उतरलात, बाई! स्वतः पाहिलंय मी. एवढे पक्षी मोजलेत आणि नकाशात पांढरं फासलंत! हे माझे सासरे. यांचे गुडघे बघा!"

"सात वेळा?" ती गोंधळली. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने जाकिटाची चेन खाली ओढली. आतलं पोट चांगलंच वर आलं होतं. "फेब्रुवारीत होईल," ती म्हणाली. "ऑगस्टात रिकाम्या पोटी गाडी चालवायची, आणि त्यात तो डुकरांचा गोठा... पक्षी मोजून चार दिसले हो, अख्ख्या रस्त्यात."

गेरिट इतके हसले की त्यांना गाडीच्या बॉनेटला धरावं लागलं. "पोरी, खिशात खारी बिस्किटं ठेवत जा," डोळे पुसत ते म्हणाले. "आमच्या हिला त्यानेच बरं वाटायचं. कार्लाच्या वेळी मी खिशात घेऊनच फिरायचो."

वेंडेलने बाजूला जाऊन घरी फोन लावला आणि झालेलं सांगितलं.

"पहाटे, रिकाम्या पोटी, डुकरांच्या गोठ्यापाशी बाई वाकते," कार्ला एकेक शब्द सावकाश म्हणाली, "आणि तुला तिथे फेझंट दिसतात? दोनदा झालंय हे मला, वेंडेल. तुझ्यासमोर!"

"तेव्हा तू घरात होतीस."

पलीकडून फोन बंद झाला.

"चला, घरी," गेरिट म्हणाले. "आता हे गुडघे पुरे. जरा थांब, सकाळपासूनची कॉफी मोकळी करून येतो." ते लंगडत उंच गवताच्या कडेला गेले, पाठ करून उभे राहिले, आणि त्यांच्या पायाशी गवत फुटलं. लांब शेपटीचा, तांबूस सोनेरी कोंबडा ओरडत उडाला, थेट डोक्यावरून.

"कोंबडा! कोंबडा!" गेरिट ओरडले. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. बंदूक गाडीत होती. वेंडेलच्या हातात फोन होता. कोंबडा सावकाश सोयाबीनच्या कापलेल्या रानापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

गेरिट पट्टा सावरत परत आले. बर्टानेसुद्धा मान फिरवली होती. कुणी कुणाकडे बघेना.

वेंडेलने त्या गवताकडे, मग सासऱ्यांकडे पाहिलं. मग त्याने सीटमागून थर्मास काढला, झाकण भरून कॉफी ओतली आणि अदबीने पुढे केली.

"बाबा, अजून थोडी घेता?"

गेरिटनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग उंच गवताच्या लांबच लांब पट्ट्याकडे पाहिलं.

"काठोकाठ भर," ते म्हणाले. "आणि ह्या खेपेला बंदूक घेऊन माझ्या शेजारी उभा राहा. नजर मात्र समोर ठेव."