फुंकरीवर सुटणारी बंदूक

नंदुरबारच्या समन्वय व सुसूत्रता कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे मनोबल खालावले आहे, असे वरून कळवण्यात आले. ते पूर्वी कधी उंच होते का, हे कोणालाच आठवेना; पण वरून आलेल्या गोष्टीवर शंका घेण्याची पद्धत नसल्यामुळे मनोबल तातडीने वाढवण्याचे ठरले. त्यासाठी कोरीटच्या भूपेंद्र पटेलचे पेंटबॉलचे मैदान निवडण्यात आले. आसपास असे मैदान एकच असल्याने निवड अत्यंत पारदर्शक झाली.

भूपेंद्रने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि नोकरीच्या शोधात पुण्याला गेला असता हा खेळ पाहून आला होता. हवेच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या. ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद. वडिलांच्या कपाशीच्या रानात त्याने जुने ड्रम आणि टायर रचून आडोसे केले आणि फाटकावर ‘बारमाही धुळवड’ अशी पाटी लावली. परवान्यासाठी मात्र याच कार्यालयाची ना-हरकत हवी होती, आणि वडिलांनी, म्हणजे हिंमतरावांनी, मृगाच्या पेरणीपर्यंतचीच मुदत स्पष्ट सांगून ठेवली होती.

“मिरगपावत कागद उना तं ठीक. नही तं आठे कापूस लाई टाकसू.”

हिंमतराव बोलले की करतात, हे भूपेंद्र लहानपणापासून सोसत आला होता.

प्रशिक्षणाच्या दिवशी साहेब हेल्मेट घालून मैदानाच्या मधोमध उभे राहिले. आजूबाजूच्या आडोशांमागे सगळे कार्यालय बंदुका रोखून बसले. भूपेंद्रने शिट्टी वाजवली. एकही गोळी सुटली नाही. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली, तेव्हा बांधावरचे बगळे तेवढे उडाले. अखेर हेडक्लार्क नवलसिंग आडोशामागून बाहेर आला. त्याने एक गोळी चिमटीत फोडली, तिचा पिवळा रंग साहेबांच्या बुटांना लावला आणि हात जोडले. कार्यालयात रंगपंचमी अशीच होत असे. मग बाकीच्यांनीही रांग लावली.

“नवलसिंग, गोळीबार का झाला नाही?” साहेबांनी पिवळ्या बुटांकडे पाहत विचारले.

नवलसिंगने बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. “साहेब, ट्रिगर फार जड आहे.”

सगळ्या कार्यालयाने आपापले बोट चोळले.

“मग हलका करा,” साहेब भूपेंद्रला म्हणाले. “ना-हरकतीचं नंतर बघू.”

भूपेंद्र कामाला लागला. बंदुकीच्या आतला हातोडा एका खाचेत अडकलेला असतो. ट्रिगर ओढला की खाच सोडते, हातोडा पुढे जातो आणि हवा गोळीला ढकलते. ट्रिगरला साखरेची पिशवी टांगून त्याने जोर मोजला; दोन किलोला खाच सुटत होती. त्याने मूळचे ट्रिगर खाचेसकट काढून डब्यात ठेवले आणि त्यांच्या जागी घासलेली खाच, नरम स्प्रिंग आणि भोके पाडून हलकी केलेली पट्टी बसवली. आता पाव किलो साखर पुरत होती. हिंमतराव खाटेवर बसून हे बघत होते.

“काय करी ऱ्हायना रे?”

“ट्रिगर हलका करी ऱ्हायनू, बापू. त्यास्ले जड लागस.”

“ट्रिगर जड नही शे, येड्या. साहेब जड शे.”

हे भूपेंद्रला पटले. पण डिप्लोम्यात साहेब हलका करायला शिकवले नव्हते, ट्रिगर हलका करायला शिकवले होते.

दुसऱ्या प्रशिक्षणातही गोळी सुटली नाही. ट्रिगर अजून जड असल्याचा अहवाल एकमताने मंजूर झाला. भूपेंद्रने नवलसिंगला चहाला बाजूला घेतले.

“खरं सांगा भाऊसाहेब, आजून कितला हलका करू?”

नवलसिंगने आजूबाजूला पाहिले. “भाऊ, हलका बराच व्हयना. पन बोट तं लावनंच पडस ना? बोट लावं का इचारतस, बोट कोनं व्हतं. मन्ही पेन्शनले थोडाच दिन बाकी शेतस.”

भूपेंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कार्यालयाला हलका ट्रिगर नको होता, बोट न लागणारा ट्रिगर हवा होता. इतकी नेमकी मागणी त्याच्याकडे आजवर कोणी केली नव्हती. तो खरोखर आनंदला.

त्याचा कॉलेजातला दोस्त जोसेफ नवापूरला पोल्ट्री चालवत होता. सगळ्या बंदुका आणि सुट्या भागांचा डबा घेऊन भूपेंद्र त्याच्याकडे गेला. शेडमध्ये पाण्याच्या पाइपला छोटी निपलं असतात. कोंबडीने चोच टेकवली की थेंब पडतो. भूपेंद्र कितीतरी वेळ त्या कोंबड्यांकडे पाहत बसला. इथे जोर नव्हता, हुकूम नव्हता, आणि पाणी कोणी सोडले असे कोणतीही कोंबडी दुसरीला विचारत नव्हती. त्याच निपलाच्या धर्तीवर त्याने नवा ट्रिगर घडवला. एका बंदुकीत बसवून फुंकर मारली, तर गोळी सुटून शेडच्या पत्र्यावर फुटली. भूपेंद्रच्या डोळ्यांत पाणी आले. बाकीच्या बंदुकांत तसेच ट्रिगर बसवून पिकअपमधून मैदानावर आणण्याचे काम त्याने जोसेफवर सोपवले आणि तयार झालेली ती एक बंदूक घेऊन तो कोरीटला परतला.

मिरग तोंडावर आला होता. हिंमतरावांनी कपाशीचे बियाणे आणून ओसरीवर ठेवले होते, मुद्दाम भूपेंद्रच्या जाण्यायेण्याच्या वाटेत.

तिसऱ्या प्रशिक्षणाला जोसेफची पिकअप उशिरा पोचली. बंदुका घाईघाईने वाटण्यात आल्या. जोसेफ भूपेंद्रला हातवारे करत होता, पण साहेबांचे मनोबलावरचे भाषण चालू होते. भाषण संपल्यावर भूपेंद्रने आपली बंदूक उंच धरून सगळ्यांसमोर फुंकर मारली. गोळी सुटली.

“सर्व बंदुका अशाच आहेत,” त्याने अभिमानाने जाहीर केले. “बोट लावण्याची गरज नाही. धक्का लागला, खोकला आला, तरी गोळी आपोआप सुटू शकते. त्याला कोणीही जबाबदार राहणार नाही.”

कार्यालयाने हे अत्यंत लक्षपूर्वक ऐकले.

साहेब मधोमध उभे राहिले. शिट्टी वाजली. आधी कोणीतरी खोकले. मग जे सुरू झाले ते बंदुका रिकाम्या होईपर्यंत थांबले नाही. साहेबांचा आधी शर्ट गेला, मग पँट गेली, मग हेल्मेटची काच गेली. साहेब ड्रममागे पळाले, तर गोळ्या आपोआप वळून ड्रममागे आल्या. पेन्शनला आलेला नवलसिंग तीन टायर ओलांडून धावला. त्याच्या हातातली बंदूक सारखी आपोआप सुटत होती, त्याला तो बिचारा काय करणार!

शेवटी शांतता झाली. साहेबांनी चेहऱ्यावरचा रंग निपटला. भूपेंद्रला डोळ्यांसमोर कपाशी उगवताना दिसली.

“कोणी मारल्या?” साहेबांनी विचारले.

“कोणीच नाही, साहेब,” सगळे म्हणाले. “आपोआप सुटल्या.”

“म्हणजे गोळ्या सुटल्या, लागल्या, पण सोडल्या कोणीच नाहीत?”

“हो, साहेब.”

साहेबांनी आपले बरबटलेले हात उलटेसुलटे करून पाहिले. आपल्या हातून आजवर जे जे सुटले होते ते त्यांना आठवत असावे. मग त्यांच्या रंगलेल्या चेहऱ्यावर समाधान पसरले. “अहो पटेल, याला म्हणतात यंत्रणा!” ना-हरकतीवर त्यांनी तिथेच सही केली. सहीसाठी मात्र बोट लावावे लागले, म्हणून ती त्यांनी नवलसिंगला आधी करायला लावली.

सगळे गेल्यावर जोसेफ जवळ आला. “अरे, तुला सांगायला बघत होतो मी. नवे ट्रिगर बसवून निघालो, तर हायवेच्या पहिल्याच खड्ड्यात सगळ्या बंदुका एकदम सुटल्या. मागच्या ताडपत्रीची चाळण झाली. मग रस्त्याच्या कडेला थांबून जुनेच ट्रिगर परत बसवले.”

“जुने म्हणजे? पाव किलोवाले?”

“नाही रे, त्याच्याही आधीचे. दोन किलोवाले. पाव किलोवाले शेडमध्येच राहिले, गाडीतल्या डब्यात तेवढेच होते.”

भूपेंद्र मटकन टायरवर बसला. आयुष्यात एकच गोष्ट धड बनवली होती, आणि तिची कोणाला गरजच पडली नव्हती. त्याला फार वाईट वाटले. हिंमतरावांनी सगळे ऐकले, ओसरीवर जाऊन बियाण्याची पिशवी उचलली आणि माळ्यावर टाकली.

आता फाटकावर नवी पाटी आहे: ‘येथील बंदुका आपोआप सुटतात.’ आत दोन किलोचेच ट्रिगर आहेत. मुख्याध्यापकांना घेऊन शिक्षक येतात, सासूला घेऊन सुना येतात, वाटणी झालेले भाऊ तर सहकुटुंब येतात. खेळून झाल्यावर सगळे बोट चोळत आणि बंदुकीला दोष देत समाधानाने घरी जातात. ट्रिगर उघडून दाखवा, असे अजून एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेले नाही.

तुम्हीही या. रविवारी गर्दी असते, तेव्हा आधी फोन करा. सोबत कोणाला आणायचे, हे एव्हाना तुमचे ठरलेच असेल.